टीका, साचा आणि सांगकाम्या

इंग्रजी विकिपीडियावर पहिल्यांदाच काही लिहिणाऱ्या माणसाला पुष्कळदा एक पत्र येतं. ते मराठीत आणलं तर साधारण असं होईल: आपलं स्वागत आहे. आपण नुकताच केलेला एक बदल विधायक वाटला नाही, त्यामुळे तो उलटवण्यात आला आहे. सराव करायचा असल्यास धूळपाटी वापरावी. काही विचारायचं असल्यास चर्चापानावर विचारावं.

असे तयार मजकूर तिथे शेकडो आहेत. मराठी विकिपीडियावर अशा तयार मजकुराला 'साचा' म्हणतात. सरावाच्या पानाला 'धूळपाटी' म्हणतात आणि आपोआप कामं करणाऱ्या प्रोग्रामला 'सांगकाम्या'. ही नावं ज्यांनी ठेवली त्यांच्या कानाला मराठी कळत होतं.

मी एरवी कवितांवर आणि कादंबऱ्यांवर लिहिते. पण गेली काही वर्षं मला वाटत आलंय की आपल्या काळातला सगळ्यात जास्त वाचला गेलेला समीक्षेचा प्रकार हा साचाच असणार. लाखो लोकांनी लिहिलेल्या लाखो वाक्यांवर तो उमटलाय. मग त्याचीही समीक्षा व्हायला हवी. एरवी कविता वाचतो तसंच हे पत्र नीट वाचून बघू.

चार वाक्यांचं पत्र

पहिलं वाक्य स्वागताचं. दुसऱ्या वाक्यात ज्याचं स्वागत केलं त्याचं काम पुसून टाकलंय. दारात 'या, या' म्हणायचं आणि हातातली पिशवी बाहेर ठेवायची, असा हा प्रकार आहे.

'विधायक वाटला नाही'. कुणाला? वाक्यात कर्ताच नाही. 'उलटवण्यात आला आहे'. कुणी उलटवला? इथेही कर्ता गायब. ही मराठी आपल्याला चांगलीच ओळखीची आहे. सोसायटीच्या फलकावर असते, तहसील कचेरीच्या भिंतीवर असते: 'सर्वांस सूचित करण्यात येते की...' आणि खाली 'हुकमावरून'. हुकूम कुणाचा, हे कधीच लिहिलेलं नसतं. या भाषेत कुणी रागावत नाही, पण कुणाशी भांडताही येत नाही, कारण समोर माणूसच नसतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे या पत्रात जे नाही ते. मी लिहिलेल्यातलं नेमकं काय चुकलं? वाक्य खोटं होतं, की खरं असून आधार दिला नव्हता? जागा चुकली, की भाषा? यातलं काहीच पत्रात नाही. शब्द सगळे सभ्य आहेत. एकही अपशब्द नाही. तरी ही विधायक टीका नाही, कारण ती मुळात टीकाच नाही. तो फक्त निकाल आहे.

ऑनलाइन नकारात्मकता म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर शिवीगाळ येते, ट्रोल येतात. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. मला या सभ्य पत्राची जास्त काळजी वाटते. शिवी देणाऱ्याला हाकलता येतं. या पत्राला कसं हाकलणार? ते नियमाप्रमाणेच आलेलं असतं.

हे पत्र आलं कुठून?

इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला. सुरुवातीला लिहिणारे थोडे होते आणि एकमेकांना नावानं ओळखत होते. कुणी चुकलं तर जो दुरुस्त करायचा तोच दोन ओळी लिहून कळवायचा. १ मार्च २००६ रोजी लेखांची संख्या १० लाखांवर गेली. त्याआधी २००५ मध्ये एक मोठी नाचक्की झाली होती. जॉन सीगेन्थालर या अमेरिकन पत्रकारावरच्या लेखात कुणीतरी लिहून ठेवलं होतं, की केनेडींच्या हत्येच्या संदर्भात त्यांच्यावर संशय होता. हे धादांत खोटं होतं, आणि तरीही ते काही महिने तसंच राहिलं. खुद्द सीगेन्थालरनी वर्तमानपत्रात लेख लिहून हे उघड केलं.

मग पहारा बसवणं भाग पडलं. ट्विंकल, हगल अशी साधनं आली. त्यांत एका क्लिकमध्ये बदल उलटवता येतो आणि त्याच झटक्यात साच्याचं पत्रही रवाना होतं. २०१० मध्ये क्लूबॉट एनजी नावाचा सांगकाम्या आला. तो माणसाची वाट न बघता, काही सेकंदांत उत्पात ओळखून पुसतो. ही साधनं बनवणारे दुष्ट नव्हते. रात्रंदिवस कचरा येत होता आणि झाडू मारणारे हात कमी पडत होते, इतकंच.

पण झाडूला कचरा आणि रांगोळी यांतला फरक कळत नाही. २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियावर महिन्याला पाच किंवा अधिक बदल करणारे लोक ५० हजारांच्या वर होते. पुढच्या सहा-सात वर्षांत ते ३० हजारांच्या आसपास आले. वाचणारे वाढत होते आणि लिहिणारे घटत होते. असं का झालं, हे अ‍ॅरन हॅलफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं. त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना वाटत होतं तसं ते नव्हतं. नव्यानं येणाऱ्यांचा दर्जा घसरला नव्हता. चांगल्या हेतूनं येणाऱ्यांचं प्रमाण फारसं बदललंच नव्हतं. बदललं होतं ते त्यांच्याशी होणारं वागणं. चांगल्या नवख्यांचेही बदल पूर्वीपेक्षा जास्त उलटवले जात होते, आणि ज्यांच्या वाट्याला हे आलं ते परत येत नव्हते. त्यातच जुन्या मंडळींनी केलेले नियम इतके घट्ट झाले होते, की नव्या माणसाला त्यांत बदल सुचवणंही अवघड होतं.

आजची पोरं बिघडली, ही तक्रार बहुतेक वेळा तक्रार करणाऱ्याच्या थकव्याविषयी सांगते. इंटरनेटवर ती वेबपेक्षाही जुनी आहे. यूजनेटवर दर सप्टेंबरमध्ये विद्यापीठांतले नवे विद्यार्थी यायचे आणि महिनाभर गोंधळ घालायचे. जुनी मंडळी वैतागायची, शिकवायची, आणि नवे रुळायचे. १९९३ पासून घरोघरच्या इंटरनेटमुळे नव्यांची रीघ थांबेचना. तेव्हा जुन्यांनी त्याला नाव दिलं, 'न संपणारा सप्टेंबर'. नाव मजेशीर आहे, पण एक गोष्ट त्यातून सुटते. आधीचे सप्टेंबर संपायचे, कारण कुणीतरी शिकवत होतं.

'कडक टीकेमुळेच दर्जा टिकतो'

हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय, आणि तो फालतू नाही. लिनक्सचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तुमच्या हातातला फोन अँड्रॉइड असेल, तर त्याच्या मुळाशी लिनक्सचं कर्नल आहे. ते जगभरची हजारो माणसं मिळून लिहितात आणि लिनस टॉरवाल्ड्स त्यावर शेवटची नजर ठेवतात. चूक करणाऱ्याला सगळ्यांसमोर सोलून काढण्यासाठी ते प्रसिद्ध होते. २०१२ मधला त्यांचा एक संदेश खूप गाजला. मुद्दा असा होता, की कर्नलमधल्या बदलामुळे लोकांचे चालू असलेले प्रोग्राम बंद पडता कामा नयेत. मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. पण तो मांडताना समोरच्याला तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं.

सप्टेंबर २०१८ मध्ये टॉरवाल्ड्सनी जाहीर माफी मागितली. लोकांच्या भावना आपल्याला कळत नाहीत, त्यासाठी मदत घेणार आहोत, असं सांगून ते काही आठवडे बाजूला झाले. त्याच सुमारास प्रकल्पानं नवी आचारसंहिता स्वीकारली. आता कर्नलची गुणवत्ता ढासळणार, अशी भाकितं झाली. टॉरवाल्ड्स परतले, बदल आजही नाकारले जातात, काटेकोरपणे नाकारले जातात, आणि लिनक्स चालू आहे. म्हणजे दर्जा राखत होता तो नियम आणि त्याची नेमकी मांडणी. अपमानाचा त्यात वाटा नव्हता. तो फक्त नियमाच्या शेजारी बसून श्रेय घेत होता.

दुसरं उदाहरण स्टॅक ओव्हरफ्लोचं. कोडिंग शिकणाऱ्या प्रत्येकाला हे ठिकाण माहीत आहे. इथे उत्तराला उणे मत दिलं की देणाऱ्याचाही एक गुण कापला जातो. मला ही योजना आवडते. नाकारायचं तर स्वतःच्या खिशातून काहीतरी द्या. पण प्रश्नाला उणे मत देणं २०११ पासून फुकट झालं. आता बघा, उत्तर कोण देतं? बहुधा जाणकार. प्रश्न कोण विचारतं? बहुधा नवखा. म्हणजे जाणकाराला नाकारायची किंमत आहे आणि नवख्याला नाकारणं फुकट. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीनंच जाहीर लेख लिहून मान्य केलं, की नवख्यांना, स्त्रियांना आणि इतर अनेकांना ही जागा तुसडी वाटते. पुढे २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि तिथे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची संख्या झपाट्यानं खाली गेली. कारणं अनेक असतील. त्यातलं एक तरी हे असणारच, की यंत्र 'हे आधी विचारून झालंय' म्हणून तोंड फिरवत नाही.

आणि 'खूप छान 🙏'

मग उपाय काय? सगळ्यांनी गोड बोलायचं? हा प्रयोगही मी जवळून पाहिलाय.

कविता लिहिणाऱ्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी बरीच वर्षं होते. सुरुवातीला आम्ही चौदा जण. कविता आली की कुणी विचारायचं, तिसऱ्या कडव्यात 'पाऊस' पुन्हा का आला? कुणी म्हणायचं, शेवटच्या दोन ओळी काढून वाचून बघ. भांडणंही व्हायची. मग ग्रुप वाढत वाढत २५६ वर गेला. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपची मर्यादाच तेवढी होती. एका वादानंतर अ‍ॅडमिननं नियम केला: नकारात्मक प्रतिक्रिया देऊ नयेत, काही सांगायचंच असेल तर खासगीत सांगावं.

खासगीत कुणीच काही सांगितलं नाही. रोज सकाळी पंधरा-वीस कविता येऊ लागल्या. प्रत्येकीखाली 'अप्रतिम', 'खूप छान', 'वाह', हात जोडलेले, फुलं. नीट वाचून दाद देणारा आणि न वाचता अंगठा दाखवणारा यांच्यात फरक उरला नाही. सगळ्यात आधी ग्रुप सोडला तो चांगलं लिहिणाऱ्यांनी. त्यांना स्तुती मिळत नव्हती असं नाही. त्यांना वाचक मिळत नव्हता.

'खूप छान' हासुद्धा साचाच आहे. त्यातही कर्ता नाही, कारण नाही, वाचल्याचा पुरावा नाही. विकिपीडियाचं थंड पत्र आणि ग्रुपवरची गरम स्तुती ही जुळी भावंडं आहेत. दोघांचाही जन्म एकाच गोष्टीतून झालाय: लिहिणारे वाढले आणि वाचायला वेळ उरला नाही.

टीका म्हणजे काय होतं

मराठीत या शब्दाची गंमत आहे. आज 'त्यानं टीका केली' म्हणजे त्यानं दोष काढले. पण ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीकाच आहे. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेच्या चुका काढल्या, असं कुणी म्हणणार नाही. टीका म्हणजे मूळ मजकूर उलगडून दाखवणं. तो नसलेल्या वाचकापर्यंत नेणं. सातशे श्लोकांना नऊ हजार ओव्या लागल्या, कारण उलगडायला जागा लागते आणि वेळ लागतो.

भक्तिभाव बाजूला ठेवला, तरी यातून मला एक साधी कसोटी मिळते. टीका वाचल्यावर मूळ मजकुराविषयी मला आधीपेक्षा काही जास्त दिसलं का? दिसलं तर ती टीका. भाषा कडक असो की मवाळ. आणि काहीच दिसलं नाही, तर तो शेरा. शाळेच्या वहीत लाल शाईनं मारतात तसला.

या कसोटीवर एक उदाहरण घासून बघू. समजा, जुन्नर तालुक्यातली एखादी अकरावीतली मुलगी मोबाइलवरून मराठी विकिपीडियावर आपल्या गावाविषयी लिहिते: 'आमच्या गावचा भैरोबा अतिशय जागृत आहे. गाव निसर्गाच्या सान्निध्यात वसले असून येथील लोक प्रेमळ आहेत.'

विश्वकोशाच्या दृष्टीनं यातलं जवळजवळ काहीच टिकणार नाही. 'जागृत' तपासता येत नाही. 'प्रेमळ' मोजता येत नाही. 'आमच्या' तर नकोच. एका क्लिकमध्ये हे पुसता येईल आणि नियमानं ते बरोबरच असेल.

आता दुसरं उत्तर: 'भैरोबाचा उल्लेख आवडला. तो जागृत आहे की नाही हे आपल्याला तपासता येणार नाही, पण यात्रा कोणत्या तिथीला भरते हे सांगता येईल. तेवढं लिहाल का? जिल्हा गॅझेटियरमध्ये गावाचं नाव सापडतंय का बघा. २०११ च्या जनगणनेत गावाची लोकसंख्या मिळेल. "आमच्या" ऐवजी गावाचं नाव घाला. बाकीचं मी तात्पुरतं धूळपाटीवर हलवलंय, हरवलेलं नाही. – अमुक अमुक.'

लक्षात घ्या, या उत्तरातही मुलीची दोन्ही वाक्यं लेखातून गेलीच आहेत. दर्जात तडजोड काहीच झालेली नाही. पण 'जागृत' आणि 'चैत्र पौर्णिमेला यात्रा' यांतला फरक तिला कळला. विश्वकोश म्हणजे काय, हे कुठलाही नियम न वाचता तिला समजलं. शिवाय खाली नाव आहे. 'हुकमावरून' नाही.

हिशेब

अडचण एकच आहे. पुसायला एक सेकंद लागतो. वरचं उत्तर लिहायला दहा मिनिटं. दिवसाला पाच नवखे आले तर दहा मिनिटं देता येतात. पाचशे आले तर नाही. म्हणून 'जरा चांगलं वागा' असा उपदेश जुन्या माणसांना करण्यात मला अर्थ वाटत नाही. ती आधीच थकलेली असतात आणि फुकट काम करत असतात. त्यांच्या नकारात्मकतेचं मूळ बऱ्याचदा स्वभावात नसतं, या भागाकारात असतं.

पण दहा मिनिटं आणि एक सेकंद यांच्या मध्ये जागा आहे. २०१२ मध्ये हगलमधून जाणाऱ्या पहिल्या पत्राची फक्त शब्दरचना बदलून बघण्याचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. साधन तेच, क्लिक तेवढीच, पत्र मात्र थोडं माणसानं माणसाला लिहिल्यासारखं. तेवढ्यानंही नवख्यांचा सहभाग चांगला वाढल्याचं दिसलं. वाक्याला कर्ता परत द्यायचा, एवढंच म्हणा ना.

दुसरा उपाय माणसांचा. त्याच वर्षी इंग्रजी विकिपीडियावर 'टीहाऊस' सुरू झालं. नवख्यांनी कितीही प्राथमिक प्रश्न विचारावेत आणि स्वागताची तयारी असलेल्यांनी उत्तरं द्यावीत, अशी ती बैठक. पहाऱ्याचं काम आणि स्वागताचं काम वेगळं केलं, हे त्यातलं शहाणपण. गेटवर उभ्या असलेल्या वॉचमननंच चहाही करावा, ही अपेक्षा चुकीची होती.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे: सावड. आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. ज्याला गेल्या वर्षी कुणी दहा मिनिटं दिली, त्यानं या वर्षी एकाला द्यायची. पाचशे नवखे एका जाणकारावर टाकले तर साचा येणारच. तेच पाचशे गेल्या वर्षीच्या दोनशे जणांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन येतात. गेल्या वर्षीचा नवखा सगळ्यात चांगला शिक्षक असतो, कारण आपण कुठे अडखळलो होतो हे तो अजून विसरलेला नसतो.

मराठीसाठी हा हिशेब जास्त निकडीचा आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तिथले पुष्कळ नियम आणि साचे इंग्रजीवरून भाषांतरित झालेत. म्हणजे न्यूयॉर्कच्या ट्रॅफिकसाठी केलेले नियम आपण वाडीच्या रस्त्यावर लावतोय. इंग्रजीला ते नियम गर्दीमुळे करावे लागले. आपल्याकडे गर्दी झालीच नाही, थकवा मात्र भाषांतरित होऊन आला. इंग्रजीत एक लिहिणारी निघून गेली तर तिच्या जागी दुसरी येते. मराठीत जुन्नरकडची ती मुलगी परत आली नाही, तर तिच्या गावाचं पान बहुधा कुणीच लिहिणार नाही. यात्रा कोणत्या तिथीला भरते, हे फक्त तिच्या आजीला ठाऊक असेल. आणि आजीला काही कुणी संदर्भासहित विचारायला जाणार नाही.

हा लेख तुम्ही फोनवर वाचत असाल. त्याच फोनवर आज कुणीतरी काहीतरी लिहिलेलं तुमच्यासमोर येईल: कविता, कोड, गावाची माहिती, पहिलीच कथा. प्रत्येकाला दहा मिनिटं देणं शक्य नाही, मलाही नाही. एकाला द्या. नेमकं काय खटकलं ते सांगा, त्याचं काय करता येईल ते सांगा, आणि खाली स्वतःचं नाव लिहा. बाकीच्यांना अंगठा नाही दाखवला तरी चालेल.